पोतं पायडल मारत नाही

चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या, पण गिऱ्हाइकाला त्याचं वजन कधी विचारलं नाही. आमच्या धंद्यात ते बसतच नव्हतं. उंची विचारायची, रस्ता कोणता ते विचारायचं, सीट वर-खाली करून द्यायची. वजन मात्र डोळ्यांनी तोलायचं आणि तोंड बंद ठेवायचं. माणूस दुकानाची पायरी चढतानाच मिस्त्रीला त्याचं वजन कळतं, अशी माझी घमेंड होती. ही घमेंड एका बाईने उतरवली, तीही भर दुपारी, चार लोकांदेखत. चाळीस वर्षांतलं दुसरं काही सांगण्यापेक्षा तिचंच सांगतो.

माझं दुकान सडक अर्जुनीला, हायवेला लागून. एका बाजूला ट्रकच्या टायरवाला, दुसऱ्या बाजूला धाबा आणि मधे माझी टिनाची दहा बाय आठची टपरी. धाब्यावर थांबलेले ड्रायव्हर जेवण होईपर्यंत माझ्याकडे बघत बसायचे आणि फुकटचे सल्ले द्यायचे. पण पंचक्रोशीत माझं नाव होतं ते एका कामासाठी. त्या कामाला आम्ही 'दुहेरी' म्हणायचो.

दुहेरी म्हणजे काय, ते सायकल न चालवणाऱ्यांसाठी सांगतो. पूर्वी आमच्या भागात धान गिरणीवर न्यायचं तर सायकलवर. दोन पोती कॅरिअरवर आडवी, एक दांड्याखाली. एवढ्या ओझ्याखाली साधा टायर फुटतो. मग मी जुन्या टायरच्या दोन्ही कडांच्या तारा कापून काढायचो आणि उरलेला पट्टा नव्या टायरच्या आत बसवायचो. टायरच्या आत टायर आणि त्याच्या आत टूप. वरून हवा अशी भरायची की अंगठा दाबला तर अंगठाच दुखावा. अशी सायकल तीन पोती घेऊन पाच-सात कोस जायची आणि काटा घुसायची बिशाद नसायची. केशोरीचा एक शेतकरी तर एकदा एसटीच्या टपावर सायकल टाकून आला होता, खास माझ्या हातची दुहेरी करायला. त्या दिवशी मी दोन चहा जास्तीचे प्यालो.

पुढे धान ट्रॅक्टरवर जायला लागलं आणि दुहेरीला कोणी विचारेना. तरी कसब विसरायचं नसतं म्हणून मी जुने टायर टपरीमागे जपून ठेवले होते. एखादा माणूस जुना कोट जपतो तसे.

अशात एका सोमवारी वनमालाबाई आल्या. चाळिशी ओलांडलेली बाई, अंगाने चांगली भरभक्कम. हातात मुलीची जुनी सायकल, तिरप्या दांड्याची, रुंद चाकांची. टायरच्या गुटल्या, म्हणजे वरचे रबरी उंचवटे, घासून गेलेल्या. सायकल भिंतीला लावून त्या म्हणाल्या, "काकाजी, हे गाडी मले झेपेल का?"

गाडीला तुम्ही झेपाल का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं आणि विचारलं, "जाच्यं कुठं हाये बाई?"

"शाळेत सैपाक करतो मी. सात किलोमीटर हाये इथून. नवाच्या आत चूल पेटली पाह्यजे."

"आटो जाते ना तिकडं."

"जाते. मले घेत नाही."

"काऊन?"

"म्हणते, बाई तुमी बसल्या का बाकीच्या सवाऱ्या उतरते." हे सांगताना त्या हसल्या नाहीत, रडक्याही झाल्या नाहीत. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "गेल्या महिन्यात तीनदा उशीर झाला. शाळा समितीवाले म्हणून राहिले, दुसरी बाई पाहून राहिलो आमी. घरात कमावनारी मी एकटीच. मंग म्हटलं, पोरीचे सायकल पडूनच हाये. ते तिरोड्याले सासरी गेली, सायकल काही गेली नाही."

"चालवता येते ना?"

"शाळेत असताना येत होती. तवा हलकी होती मी."

आता सांगा, अशा बाईचं काम कोण मन लावून करणार नाही? मी म्हणालो, "तुमी काळजीच नका करू. असे टायर बसवून देतो का ट्रक वरून गेला तरी काही होनार नाही." आणि माझ्या मते मी माझं सगळं कसब ओतलं. गोंदियाहून आलेले सर्वांत मोठ्या गुटल्यांचे टायर काढले. दोन्ही चाकांना दुहेरी केली. हवा दगडासारखी भरली. शेजारचा टायरवालाही येऊन अंगठा दाबून गेला आणि "उस्ताद, लोहा बना दिया," म्हणाला. मला वाटलं, मोठ्या दिवसांनी हाताला साजेसं काम मिळालं.

चौथ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो, तर वनमालाबाई सायकल हातात धरून चालताना दिसल्या. चेहरा लाल, श्वास फुललेला. चढ नाही, वारा नाही, सपाट डांबरी रस्ता. मी म्हणालो, "बसा ना जी गाडीवर." त्या म्हणाल्या, "बसली होती. खूप जड चालते काकाजी. जशी मागून कोणी धरून राहिलं." मी म्हणालो, "होईल सवय." आज हे दोन शब्द आठवले की मला माझीच लाज वाटते. गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायचं सोडून मी त्याला सवय लावायला निघालो होतो.

नवव्या दिवशी दुपारी त्या पुन्हा आल्या. सायकल ढकलत, मागचं चाक रिमवर खडखडत. कोपर सोललेलं, लुगड्याचा काठ फाटलेला. नाल्यावरच्या पुलाच्या उतारावर मागचा टायर फुटला आणि त्या गिट्टीत पडल्या होत्या. तशाच चालत शाळेत गेल्या, पोरांचा भात शिजवला आणि मग चालत माझ्याकडे आल्या. उशीर झाला होता तो झालाच.

मी टायर उघडला. आतला पट्टा सरकून त्याची कापलेली कड टूपला घासली होती आणि टूप तिथेच चिरला होता. शिवाय सगळं तापून चिकट झालेलं. ओझ्याच्या सायकली माणूस चालत चालत न्यायचा, त्या कधी तापल्याच नव्हत्या. ही सायकल पळत होती. घोडं पेंड खात होतं ते इथे.

वनमालाबाई बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काकाजी, असे टायर तुमी आधी कोनाले बसवले?"

"धान नेनाऱ्यांले."

"ते गाडीवर बसत होते का?"

"नाही. बाजूनं चालत होते."

"मंग पोतं आन मी सारखेच का?" त्यांनी पदराने कोपर पुसलं. "पोतं पायडल मारत नाही काकाजी. मी मारतो."

धाब्यावरचे दोन ड्रायव्हर जेवायचे थांबले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "वजनाचा अंदाज चुकला माझा."

"अंदाज कायले करता? विचारलं काऊन नाही?"

"बाईमाणसाले वजन कसं विचारायचं जी."

"तुमच्या लाजेपायी मी पडली ना पन," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. मग त्या उठल्या. "चला."

टपरीमागे धानाची गिरणी आहे. त्या सरळ आत गेल्या आणि पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. हमाल पोती खाली ठेवून बघत राहिले. काट्यावरच्या म्हाताऱ्या मापाऱ्याला जन्मभर ओरडून वजन सांगायची सवय, त्याने सवयीनेच ओरडून सांगितलं, "एकशे आठ!" एक हमाल फिस्सकन हसला. वनमालाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याने पोतं उचललं आणि निघाला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं ना? आता गाडी बनवा. समितीनं महिनाअखेरपर्यंत पाह्यतो म्हटलं. आता एक बी दिवस उशीर झाला का दुसरी बाई."

मी बरीच माणसं पाहिली. पडल्यावर मिस्त्रीला शिव्या देणारी पाहिली, पैसे परत मागणारी पाहिली, सायकल टाकून जाणारीही पाहिली. पडल्यावर मिस्त्रीला पुढच्या कामासाठी हवी ती माहिती आणून देणारी तीच एक.

महिना संपायला बावीस दिवस होते. मला काय करायचं नाही एवढं कळलं होतं, काय करायचं ते माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात गोंदियाजवळ बिरसीला साळ्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. तिथे विमान चालवायला शिकवतात, दिवसभर डोक्यावरून घरघर चालू असते, पण बिरसीचे लोक धानाची रोवणी सोडून वर पाहतही नाहीत. साळ्याने भंगारातून विमानाचा एक झिजलेला टायर आणून अंगणात पाहुण्यांना बसायला ठेवला होता. माझ्या वाट्याला तोच आला. बसल्या बसल्या हात फिरवला, तर त्याला एकही गुटली नाही. नुसत्या दोन-तीन सरळ रेघा, बाकी सगळा गुळगुळीत. मी उठून तो उलटा केला. आत कापडाचे थर, एकावर एक, घट्ट. नवरदेवाकडचे लोक आले, टिळे झाले आणि मी आपला टायरमध्ये डोकं घालून. बायको कानाशी येऊन म्हणाली, "साक्षगंधाले आले का टायर पाहाले?"

तिला काय सांगणार? एवढं विमान धाडकन जमिनीवर उतरतं, ते या गुळगुळीत टायरवर. म्हणजे वजन गुटल्या उचलत नाहीत. वजन उचलते हवा, आणि हवेला धरून ठेवतं ते कापड. रबर म्हणजे फक्त जोडा. टायर जितका रुंद, तितकी आत हवा जास्त, आणि तितक्या आरामात ती माणूस उचलते, दगडासारखी न भरताही. गुटल्या असतात चिखलासाठी. डांबरावर त्या नुसत्या वाकतात, घासतात, आणि ते वाकवायचं काम पायडल मारणाऱ्याच्या मांड्या करतात. कोणी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं, हे बाईंनी चौथ्याच दिवशी सांगितलं होतं. आता हे वाचून कोणी शहाणा म्हणेल, एवढं तर कोणालाही माहीत असतं. मला नव्हतं. चाळीस वर्षं अंगठ्याने हवा मोजणाऱ्याला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला गेलो. ठोक दुकानदार माझा जुना ओळखीचा. मी म्हणालो, "छब्बीस इंच, चौड़ा टायर चाहिए, पर चिकना."

तो म्हणाला, "मिस्त्री, चिकना तो घिसा हुआ होता है. नया क्यों ले रहे हो?"

त्याने माळ्यावरून एक जोडी काढली. मी टायर दुमडून कड वाकवली, तर बारीक भेगा दिसल्या. टायर नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. जड माणसाला असा टायर देणं म्हणजे पुन्हा नाल्यावर पाडणं. मी ती जोडी परत केली. म्हटलं, ताजा माल मागव, दोन इंच रुंदीचा, आणि रस्त्याला टेकणाऱ्या पट्टीखाली काटा अडवायला जाड थर असलेला. तो म्हणाला, आठ दिवस लागतील.

आठ दिवस. मी परत येऊन बाईंना सांगितलं आणि म्हणालो, तोवर साधे टायर लावून देतो. त्या म्हणाल्या, "आता अर्धवट काही नको. मी जातो पायी."

आणि गेल्या. सात किलोमीटर जायचं, सात यायचं. सकाळी साडेसहाला माझ्या टपरीवरून जायच्या, हातात डबा, पायात रबरी चप्पल. मी मुद्दाम लवकर येऊन बसू लागलो. त्या जाताना म्हणायच्या, "आले का काकाजी टायर?" मी म्हणायचो, "नाही जी." "बरं," म्हणायच्या आणि पुढे. आठही दिवस. एकदाही उशीर झाला नाही. पाचव्या दिवशी त्याच आटोवाल्याने थांबून "बसा बाई" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "बाकीच्या सवाऱ्या उतरते ना मंग." मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आटोवाला मान खाली घालून गेला.

टायर आले त्या दिवशी मी दुसरं काम घेतलंच नाही. मागचं चाक पूर्ण खोललं. माणसाचं जास्त वजन मागच्या चाकावरच येतं, म्हणून तिथे जाड स्पोक घातले, छत्तीसच्या छत्तीस, आणि चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, तीनदा काढला. टूप मोटारीसारख्या वॉल्व्हचा घातला, कारण या खेपेला अंगठ्यावर भरवसा ठेवायचा नव्हता. शेजारच्या टायरवाल्याकडे हवा मोजायचा काटा होता, तो अशाच वॉल्व्हला लागतो. वीस वर्षं तो माझ्यापासून दहा पावलांवर होता आणि मी कधी मागितला नव्हता. मागे पंचावन्न पौंड, पुढे पंचेचाळीस. वनमालाबाईंनी टायर दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "कणकेवानी पाह्यजे का? दाबलं का दबली, सोडलं का वर?" मी म्हणालो, "कणकेपेक्षा थोडी घट्ट. पुऱ्यांची." ही खूण त्यांना एकदाच सांगावी लागली. एक गोष्टही बजावली, की बांधावर, चिखलात हे टायर घसरतील, तिथे उतरून चालायचं. डांबरावर मात्र गुळगुळीत आहे म्हणून भ्यायचं नाही, उलट तेच पकडून ठेवतं.

त्या बसल्या. हायवेच्या कडेने धाब्यापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. उतरल्या नाहीत, पुन्हा गेल्या. या वेळी पार वळणाच्या पलीकडे. मी पाना हातात घेऊन उभा. मला वाटलं, पडल्या. तर वळणावरून परत येताना दिसल्या, पदर खोचलेला, चेहऱ्यावर हसू. पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. जवळ येऊन म्हणाल्या, "मागून धरनारानं सोडलं जी काकाजी." मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

महिन्याचे शेवटचे चार दिवस उरले आणि शाळेच्या वाटेवर रस्त्याचं काम निघालं. अर्धा किलोमीटर नुसती गिट्टी पसरलेली. आटो बंद, मोटारसायकली घसरत होत्या. मला करमेना. शेवटच्या दिवशी मीच सकाळी एका सायकलवर त्या वाटेला लागलो. माझे टायर अरुंद, गिट्टीत चाक रुतलं, मी उतरून ढकलू लागलो. मागून घंटी वाजली. वनमालाबाई माझ्या बाजूने, गिट्टीवरून, हळूहळू पण बसल्या बसल्याच पुढे गेल्या. "या काकाजी मागून," एवढंच म्हणाल्या.

मी शाळेत पोचलो तेव्हा नऊला दहा मिनिटं होती. चूल पेटलेली, आधण ठेवलेलं. समितीचे दोघेजण पाहायला आले होते, पण हेडमास्तरांचाच पत्ता नव्हता. ते आटोने यायचे. सव्वानऊला ते गिट्टी तुडवत, बूट हातात घेऊन आले. वनमालाबाईंनी त्यांना आधी पाणी दिलं आणि मग समितीवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "दुसरी बाई पाहाची असन तर पाहा. पन तिले सायकल येते का विचारजो." दुसरी बाई कोणी पाहिली नाही. त्या अजूनही तिथेच आहेत.

गुडघ्यांमुळे दोन वर्षांपूर्वी मी रोजचं काम सोडलं. सकाळी तेवढा तासभर टपरीत बसतो. परवा वनमालाबाई आल्या. तेच टायर, मधोमध सारखे झिजलेले, एक भेग नाही. लोकांना वाटतं, एवढी वर्षं रोज सायकल चालवली म्हणजे बाई वाळली असेल. धाब्यावरच्या एकाने तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "एकशे आठच हावो मी. कमी कराले नाही चालवत, शाळेत जाले चालवतो." मग मला म्हणाल्या, "असेच टायर पाह्यजे, दुसरे नको."

त्यांच्यामागे आणखी एक बाई उभी होती, साकोलीकडे शिवणकाम करायला जाणारी, अंगाने त्यांच्याहून थोराड. पदर पुढे ओढून जमिनीकडे बघत होती. हातातल्या सायकलला मोठ्या गुटल्यांचे नवे टायर. कोणीतरी माझ्यासारख्याच शहाण्याने बसवलेले.

वनमालाबाई बाजूला झाल्या आणि माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मी बाक पुसून त्या बाईला बसायला दिलं, पाणी दिलं. मग चाळीस वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"बाई, वजन किती तुमचं?"

तिने आधी वनमालाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदर मागे सारला आणि सांगितलं. मी ते तेवढ्याच आवाजात परत म्हणून पाहिलं, चुकू नये म्हणून, आणि पाना हातात घेतला.